पौर्णिमाच्या काचा

सापगावच्या पौर्णिमाला कुणी विचारलं, "बाई, तू दवाखान्यात नेमकं करतेस काय?" तर ती सरळ सांगायची, "काचा ओढते." समोरचा बुचकळ्यात पडला की तिला भारी मजा वाटे. मग ती हात पुढं करून दाखवायची. डाव्या हातात एक काच, तिच्यावर मुगाएवढा थेंब. उजव्या हातातली दुसरी काच त्यावर अलगद टेकवायची आणि एका दमात ओढायची. झालं काम. या एवढ्याशा कामाचा तिला पगार मिळत होता, आणि याच कामाचा तिला माजही होता. माज हा शब्द मुद्दामच वापरलाय. उगाच मान खाली घालून "आपलं काय, आपण साधी माणसं" म्हणणाऱ्यांतली ती नव्हतीच, आणि का असावी? तिच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वडील शहापूरच्या शाळेत शिपाई होते, आणि नातीनं मायक्रोस्कोपसमोर उभं राहायचं काम मिळवलं. वैशाखातल्या पौर्णिमेला जन्मली म्हणून आजोबांनी हौसेनं हे नाव ठेवलं होतं.

ठाण्याच्या बाजूला एक मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या पेशी तपासायच्या विभागात ती टेक्निशियन. तिथं येणारं सगळ्यात अवघड काम म्हणजे स्वादुपिंडाच्या गाठीचं. हे स्वादुपिंड पोटात पार मागं, पाठीच्या कण्याला टेकून बसलेलं असतं. बाहेरून हात लावून कळत नाही. डॉक्टर तोंडातून नळी घालतात, जठरात पोचले की आतूनच सोनोग्राफी करत गाठ शोधतात आणि नळीतून एक लांब, केसासारखी बारीक सुई तिच्यात खुपसतात. सुईत जे येईल ते बाहेर आणून पौर्णिमापुढं धरतात. त्यात कधी पांढुरका कण असतो, बहुतेक वेळा नुसतं रक्त. ते काचेवर सोडायचं आणि ओढायचं. जाड ओढलं तर पेशी एकावर एक चढतात, काही दिसत नाही. हळू ओढलं तर हवेनं सुकतात आणि फुगून वेड्यावाकड्या होतात. काही काचा लगेच स्पिरिटमध्ये बुडवायच्या, काही पंख्याखाली वाळवायच्या. पौर्णिमाची काच बघून विभागाच्या डॉक्टर मॅडम म्हणायच्या, "हिच्या काचेवर पेशी अगदी शाळेतल्या मुलांसारख्या ओळीनं बसतात." हे ऐकलं की घरी येऊन आईला सांगितल्याशिवाय तिच्या पोटात अन्न जात नसे.

अशात बाटली आली. नवी पद्धत अशी, की सुईतलं सगळं एका औषधाच्या पाण्यात सोडायचं. त्या पाण्यात रक्त विरघळून जातं, पेशी टिकून राहतात, आणि मग एक मशीन त्या पेशी गाळून काचेवर पातळ गोल थर देतं. ओढायला हात लागत नाही. मॅडमनी ठरवलं, वर्षभर दोन्ही करून बघू. प्रत्येक पेशंटची एक सुई काचेवर, दुसरी बाटलीत, आणि कशात आजार जास्त सापडतो ते मांडू. पौर्णिमाला हे मनापासून आवडलं नाही. "बाटलीत सुई कुणीपण हलवील," ती जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवायची, "त्याला काय अक्कल लागते?" शिवाय मशीन एकदोन नमुन्यांसाठी चालवत नसत. घाण्यापुरते नमुने जमले की मगच. काचेचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात, बाटलीचा यायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागायचे. काच जिंकावी असं तिला वाटायचं, आणि ते ती लपवतही नव्हती.

आता चंदरकाका. कल्याणला शिकत असताना होस्टेलच्या खोलीत तिच्या शेजारच्या कॉटवर नम्रता असायची, म्हशाजवळच्या गावातली; तिथं पौष पौर्णिमेला देवाची आणि बैलांची मोठी जत्रा भरते. चंदर हे तिचे वडील, ती त्यांना दादा म्हणायची. भातशेती होती, पण जीव सगळा बैलांत. जत्रेत बैल घ्यायचा, खाऊपिऊ घालून तयार करायचा, पुढच्या जत्रेत मिरवायचा आणि विकताना डोळ्यांत पाणी आणायचं, असा माणूस. नम्रतानं पौर्णिमाला पहिल्यांदा जत्रेला घरी नेलं तेव्हा ती उंबऱ्यापाशी जरा घुटमळली होती. अनोळखी घर, वेगळा समाज, मनात काय काय येतं. नम्रताची आई देवकी चुलीपासून ओरडली, "आत ये गो, भायेर काय उभी ऱ्हायलीस? भाकर निवते!" तेव्हापासून दर जत्रेला पौर्णिमाचं पान त्या घरात ठरलेलं. आणि चंदरकाका दरवेळी तेच चिडवणार, "आली बघ आमच्या जत्रेची पौर्णिमा! आता चांद उगवाया हरकत नाय."

भातकापणी आटोपली आणि काकांचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटली की त्या भागात कुणी दवाखान्याकडं धावत नाही. पलीकडच्या गावात मुळीचा रस देणारा एक म्हातारा आहे, तो कावीळ उतरवतो. काकांनी रस घेतला, तेलमीठ सोडलं. पिवळेपणा उतरायच्या ऐवजी वाढत गेला, अंगाला खाज सुटली, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. दुखत मात्र काहीच नव्हतं. "दुखत नाय म्हंजे काय व्हईल?" म्हणून त्यांनी आणखी दिवस काढले. शेवटी नम्रतानं सासरहून पौर्णिमाला फोन केला. कावीळ आहे आणि पोटात दुखत नाही, एवढं ऐकूनच पौर्णिमाच्या अंगावर काटा आला. कारण स्वादुपिंडाच्या गाठीचे असे पेशंट तिनं पाहिले होते. ती फक्त म्हणाली, "उद्याच आण त्यांना."

तपासणीत स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ दिसली. तिनं पित्ताची नळी दाबली होती, म्हणून कावीळ. डॉक्टरांनी पित्ताच्या वाटेत प्लास्टिकची बारीक नळी बसवायचं ठरवलं आणि त्याच वेळी गाठीतून सुईनं नमुना घ्यायचं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या काकांनी विचारलं, "काच तूच ओढनार ना गो?"

"मीच, काका."

"मंग मला भ्याव नाय."

"माझ्या काचेत काय असलं तर सापडतंच. लपून ऱ्हात नाय," ती म्हणाली. देवकी शेजारीच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पौर्णिमाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

पहिली सुई आली, तिच्यात रक्तच रक्त. पौर्णिमानं जीव ओतून काचा ओढल्या. ठरल्याप्रमाणे दुसरी सुई बाटलीत गेली. काकांना दम लागायला लागला म्हणून तिसरी घेता आली नाही. काचा रंगवून मॅडमनी मायक्रोस्कोपखाली धरल्या, बराच वेळ इकडून तिकडं सरकवल्या. लाल पेशींच्या गर्दीत चारदोन साध्या पेशी दिसल्या, वाईट एकही नाही. रिपोर्टमध्ये त्यांनी तसंच लिहिलं, आणि खाली लिहिलं की रक्त जास्त आहे, बाटलीच्या रिपोर्टसोबतच निर्णय घ्यावा.

पौर्णिमानं नम्रताला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात उडी होती. "काचेत वाईट काय दिसलं नाय गं!" मग तिनं बाटलीचं यायचंय हेही सांगितलं, दोनदा सांगितलं. नम्रताला ते नीट ऐकूही गेलं. पण तिकडं घरात काय चाललं होतं? नळी बसवल्यावर पित्त वाहायला लागलं आणि काकांचे डोळे दिवसागणिक पांढरे होत गेले. खाज थांबली, तोंडाला चव आली. गावच्या हिशोबात कावीळ उतरली म्हणजे आजार गेला. त्यात काचही चांगली आलेली. कशाला कोण बाटलीची वाट बघतंय!

देवकीनं आधीच नवस बोलून ठेवला होता. धन्याचे डोळे पांढरे झाले, तर नारळाचं तोरण घेऊन जोडीनं अनवाणी म्हशाच्या देवाला येईन आणि भावकीला जेवू घालीन. जत्रा तोंडावर आलेली. दोघं अनवाणी गेली, तोरण वाहिलं, अंगणात पंगती उठल्या. आणि त्या घराची एक रीत होती. नवस फेडला की ज्या दुखण्यापायी तो बोलला, त्याचं नाव घरात काढायचं नाही. नाव काढलं म्हणजे देवानं दिलेलं परत केलं.

पंगती उठल्या त्याच आठवड्यात बाटल्यांचा घाणा निघाला. मॅडमनी हाक मारली, "पौर्णिमा, हे बघ जरा." तिनं डोळा लावला. रक्त कुठंच नव्हतं. स्वच्छ उजेडात पेशींचे पुंजके बसले होते, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, मोठ्या, ओबडधोबड, काळ्याशार गाभ्याच्या. हा कॅन्सरच, यात शंकेला जागा नव्हती. आणि खोटं कशाला बोलावं, तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपली काच हरली. काकांचं तोंड त्यानंतर डोळ्यांपुढं आलं. आपल्याला आधी हे सुचलं याची तिला इतकी घाण वाटली, की ती उठून बेसिनपाशी गेली आणि उगाच हात धूत राहिली.

मॅडमनी जुन्या काचा पुन्हा काढून पाहिल्या. त्यांत काही नव्हतंच. "तुझा हात चुकला नाही," त्या म्हणाल्या. "सगळं रक्तात बुडून गेलं असणार. म्हणून तर दोन्ही करतोय ना आपण. सर्जनशी बोलले मी. गाठ अजून काढता येण्यासारखी आहे, पण वेळ घालवून चालणार नाही. ऑपरेशनला लगेच यायला सांग." मॅडमनी घरी फोन करून नुसतं लगेच भेटायला यायलाही सांगितलं. काकांनी "बरं बरं" म्हणून ठेवून दिला.

रविवारी पौर्णिमा स्वतः गेली. दारावर तोरणातला एक नारळ अजून लटकत होता, अंगणात पंगतीच्या चुलीची राख होती. काका गोठ्यात नव्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. तिला बघून तोंडभर हसले. "जत्रा सरल्यावर पौर्णिमा? उशीर झाला गो तुला!"

तिला काही हसू आलं नाही. नम्रता जत्रेसाठी माहेरी आलेलीच होती; बाटलीचं पौर्णिमानं तिला फोनवर सांगितलं होतं. तिनं पौर्णिमाचा हात धरून मागच्या दारी नेलं. "दादांना नको सांगू. मी सावकाश समजावते."

"सावकाश करायला टाइम नाय नम्रता! आता ऑपरेशन झालं तर माणूस वाचंल."

आवाज चढला तसे देवकी आणि काका दोघंही मागं आले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. पौर्णिमानं सांगितलं, बाटलीत वाईट पेशी सापडल्या, गाठ काढावी लागेल, पोट उघडावं लागेल.

देवकीचा चेहराच बदलला. "नवस फेडला न् त्या दुखण्याचं नाव घरात काढतेस? तुला ठाव नाय का आमची रीत?"

काकांनी खालची पापणी बोटानं ओढून दाखवली. "बघ. पांढरे हाइत का नाय?"

"ते नळी बसवली म्हणून, काका. पित्ताला वाट झाली. गाठ हाय तिथंच हाय."

"वा गं वा!" देवकी म्हणाली. "म्हंजे आमी अनवाणी गेलो ते फुकट? आन् तुझी काच? तूच बोललीस ना, काय असलं तर माझ्या काचेत लपत नाय? माझ्या कानांनी ऐकलंय मी. मंग आता काच खोटी का बाटली खोटी? एक काय ते सांग."

चंदरकाका पौर्णिमाकडं बघत होते, एकटक.

एक वाक्य बोलायचं होतं. माझी काच चुकली. एवढंच. नम्रताला कळलं असतं, देवकीला कळलं असतं, गोठ्यातल्या बैलालासुद्धा कळलं असतं. पण पौर्णिमाच्या तोंडून ते बाहेर येईना. ती म्हणाली, काच खोटी नव्हती, रक्त जास्त होतं. ती म्हणाली, पहिली सुई आणि दुसरी सुई एकाच जागी लागत नाही. ती म्हणाली, काचेचं काम वेगळं, बाटलीचं वेगळं, जगभर काचाच वापरतात, मॅडमनीपण सांगितलं की माझा हात चुकला नाही. बोलता बोलता तिचं तिलाच कळलं की आपण भलतीकडंच चाललोय, पण जीभ थांबेना. सगळं बोलणं खरं होतं आणि एकाचाही काही उपयोग नव्हता.

काकांनी नजर काढून घेतली. "जाऊ दे गो," ते शांतपणे म्हणाले. "तुझी काच खरी, आमचा देव खरा. बाटलीचं तिला लखलाभ. चल, च्या घे."

तिनं चहा घेतला नाही. देवकीनंही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

पुढचे महिने वाईट गेले. नम्रता फोनवर रडायची, "दादा ऐकतच नाय." पौर्णिमा दर रविवारी ठरवायची, आज जाऊन ते एक वाक्य बोलायचं. मग आई काही काम सांगायची, किंवा तीच एखादं काम शोधून काढायची. तिकडं मॅडमचा अभ्यास पुढं सरकत होता. काही पेशंटमध्ये काच सरस ठरली, काहींत बाटली, दोन्ही मिळून केलं तर सगळ्यात कमी निसटतं असं दिसायला लागलं. मीटिंगमध्ये मॅडमनी पडद्यावर काकांचा नमुना दाखवला. एका बाजूला लाल भडक काच, दुसऱ्या बाजूला बाटलीतले पुंजके. नाव अर्थातच नव्हतं. डॉक्टर लोक माना डोलवत होते. पौर्णिमा मागच्या रांगेतून उठून बाहेर गेली.

चैत्र संपता संपता काकांची पाठ दुखायला लागली. आडवं पडवेना. गुडघ्यांवर बसून, उशी पोटाशी धरून झोप काढायचे. बैल शेजाऱ्याकडं गेला. वैशाखात नम्रतानं त्यांना जबरदस्तीनं गाडीत घातलं. नवीन तपासणीत गाठ मोठ्या रक्तवाहिनीला गुंडाळून बसली होती आणि लिव्हरवर डाग दिसत होते. सर्जननी मान हलवली. आता औषध देऊन जमेल तेवढे दिवस, बस. आणि ते औषध सुरू करायचं तर लिव्हरमधल्या डागाचाही नमुना हवा, म्हणजे पुन्हा सुई.

काच ओढायला पौर्णिमाच होती. दुसरीला पाठवता आलं असतं, पण ती गेली. थेंब काचेवर पडताच तिला कळलं, यात कण भरपूर आहेत. तिनं ओढली. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लगेच काढला. "बाटलीची गरजच नाही. या एका काचेवर सगळं आहे." मग त्यांना आठवलं की पेशंट कोण आहे, आणि त्यांनी काच बाजूला ठेवली. आजार इतका माजला होता, की कुणीही ओढली असती तरी त्या काचेत दिसलाच असता.

दुपारी ती वॉर्डात गेली. देवकी खाली औषध आणायला गेली होती. काका खाटेवर उशीला वाकून बसले होते. गालफडं बसलेली, मनगटावरचा काळा दोरा सैल होऊन कोपरापर्यंत सरकलेला. तिला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

पौर्णिमा खाटेच्या कडेला बसली. "काका, तेव्हाची माझी काच चुकली व्हती. खोटी व्हती. मी तेव्हाच बोलाया पायजे व्हतं."

काकांनी उशी पोटाशी आवळून धरली. दुखणं येऊन गेलं, मग म्हणाले, "मला ठाव व्हतं गो."

"मंग आले का नाय तुमी? देवाला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून?"

"देवाचं काय घेऊन बसलीस! ते समदं देवकीच्या समाधानासाठी. तिला मी समजावली असती." त्यांनी दम घेतला. "मी त्या दिशी तुझ्या तोंडाकडं बघत व्हतो. काच चुकली, काका, चला, असं बोलली असतीस ना तू, तर तसाच उठून आलो असतो. पन तू काचेचीच बाजू घेत व्हतीस. मनात म्हनलं, एवढी शिकलेली पोरगी एवढं भांडते, तर खरीच असंल तिची काच."

रागाचा लवलेशही नव्हता त्यांच्या बोलण्यात. पौर्णिमाला वाटलं, यांनी आपल्याला चार लोकांसमोर शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ढसाढसा रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो हात त्यांना फार वेळ उचलून धरवला नाही.

"रडू नको," ते म्हणाले. "देवकी येतेय जिन्यानं. तिला यातलं काय सांगू नको. तिला वाटतंय, आपल्या नवसातच काय कमी पडलं. तसंच वाटू दे, नायतर तुझ्यावर राग धरील."